हत्ता पद्धत (खानदेश)

रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी किंमत ठरवण्याची रीत. धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील बैलबाजारांत ती दलालांकरवी चालत आली.

तिच्या उगमाबद्दल एकमत नाही. सागरी व्यापाऱ्यांबरोबर ती आत आली, किंवा दलालीच्या गरजेतून ठिकठिकाणी उपजली, अशी दोन मते संभवतात. सोळाव्या शतकाच्या आरंभी व्हार्थेमा या इटालियन प्रवाशाने कालिकत येथील, तर सतराव्या शतकात ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणींवरील अशा सौद्यांचे वर्णन केले आहे. किनाऱ्यापासून दूरही ती रुळलेली दिसत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ताव्हर्निए खानदेशातील नवापूर-थाळनेर मार्गे बऱ्हाणपूरला गेला होता. तेवढ्यावरून खानदेशातील रिवाजाचा काळ ठरवता येत नाही.

ताव्हर्निएने दिलेले माप असे: पूर्ण हात धरला की १,०००, जितक्या वेळा दाबावा तितके हजार; पाचही बोटे ५००; एक बोट १००; मधल्या पेरापर्यंतचे बोट ५०; टोकाचे पेर १०. म्हणजे ३,६५० साठी हात तीनदा दाबायचा, मग पाच बोटे, एक बोट आणि शेवटी अर्धे बोट. बैलबाजारात एकक आधी तोंडी ठरवावे लागते. ते राहिले की तेच बोट एकाला शंभर व दुसऱ्याला हजार वाटते, आणि सौदा भांडणावर येतो.

रुमालाखाली फक्त आकडा ठरतो. गिऱ्हाइकाचा विश्वास त्याआधी बसतो. विकणाऱ्याने दात स्वतः उघडून दाखवावेत. दुदाती बैल सुमारे दोन ते अडीच वर्षांचा, चौदाती तीनचा, सहादाती चारच्या आतबाहेर, जुळलेला (सर्व पक्के दात आलेला) पाचच्या आसपास. मारकेपणा किंवा जुवाखाली बसण्याची खोड आधीच सांगावी; मागाहून उघडी पडली तर बैल परत येतो. ‘कितलाले देशी?’ (केवढ्याला देशील?) असे विचारताच आकडा सांगू नये. बैल चालवून, जमल्यास गाडीला जुंपून दाखवावा. आकडा आधी सुटला की पुढची बोलणी तो पाडण्यापुरतीच उरतात.

दलाल दोघांचे हात आळीपाळीने धरतो, त्यामुळे दोन आकड्यांतले अंतर त्यालाच ठाऊक राहते. ही या रीतीतली मोठी उणीव आहे व शेतकऱ्याला ती महागात पडते. म्हणून पटलेला आकडा दोघांसमोर तोंडी वदवून घ्यावा, दलाली कोण देणार व बाकी कधी मिळणार हे ठरवावे, मगच इसार घ्यावा.

शेतमालासाठी मात्र १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियमाखालील बाजार समित्यांत खुला लिलाव रूढ झाला.