सी ड्राइव्ह फॉरमॅट करण्याआधी: तुमचे मेल नेमके आहेत कुठे?

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि जुने कॉम्प्युटर बदलायचं किंवा नव्याने भरायचं काम सगळीकडेच निघालं. नागपुरात इतवारीतली पेढी असो की रामदासपेठेतलं सीएचं ऑफिस, कॉम्प्युटरचा डबा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, दुरुस्तीला गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘डेटा कुठे आहे?’ उत्तरही ठरलेलं: ‘सगळा डी ड्राइव्हमध्ये.’ मग सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो, नवी विंडोज पडते, हिशेबाचा डेटा जागच्या जागी सापडतो आणि दुसऱ्या दिवशी आऊटलूक हा मेलचा प्रोग्राम उघडला की इनबॉक्स कोरा. मेल डीमध्ये कधी नव्हतेच. ते सीमध्ये होते, बहुतेक वेळा लपवलेल्या फोल्डरमध्ये.

हे कोरे इनबॉक्स कधी परत भरतात, कधी नाही. फरक पडतो तो खातं कुठल्या पद्धतीने जोडलंय त्यावरून. पॉप पद्धतीत प्रोग्राम सर्व्हरवरचे मेल उतरवून घेतो आणि सर्व्हरवरची प्रत काही दिवसांनी, बऱ्याच सेटिंग्जमध्ये १४ दिवसांनी, पुसून टाकतो. त्यानंतर ती पत्रं असतात फक्त तुमच्या टेबलाखालच्या डब्यात. आयमॅप पद्धतीत अस्सल सर्व्हरवर राहतं आणि कॉम्प्युटरवर त्याचं प्रतिबिंब. फॉरमॅटनंतर पुन्हा लॉगिन केलं की मेल परत येतात, म्हणून आयमॅपवाले निर्धास्त असतात. पण कोणी घरी बसून फोनवरून फोल्डर उडवलं तर ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरूनही उडतं, कारण सिंकचं, म्हणजे सगळीकडच्या प्रती सारख्या ठेवण्याचं, कामच ते आहे. जीमेलच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस थांबतं, पुढे नाही. म्हणजे पॉप असो की आयमॅप, मूळ जागेशी कसलाही संबंध नसलेली एक वेगळी प्रत हवीच.

आऊटलूकमध्ये आपलं काय आहे ते कळायला अर्धा मिनिट लागतो. ‘फाइल’, मग ‘अकाउंट सेटिंग्ज’, मग ‘डेटा फाइल्स’ हा टॅब. तिथे प्रत्येक खात्यासमोर फाइलचा पत्ता असतो. तो ‘पीएसटी’ने संपत असेल तर ती फाइल उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडता येते. ‘ओएसटी’ असेल तर ती त्या कॉम्प्युटरवरच्या त्या खात्याशी बांधलेली असते. फॉरमॅटच्या गडबडीत कोणी ओएसटी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवते आणि बॅकअप झाला असं समजते. नव्या कॉम्प्युटरवरचं आऊटलूक ती फाइल उघडतच नाही. ओएसटीतले मेल निर्यात करूनच न्यावे लागतात.

निर्यातीचा रस्ता असा (जुन्या, म्हणजे आता ज्याला ‘क्लासिक’ म्हणतात त्या आऊटलूकमध्ये): ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’, ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट टू अ फाइल’, ‘आऊटलूक डेटा फाइल’. पुढच्या खिडकीत सगळा घोळ होतो. तिथे आधीच ‘इनबॉक्स’ निवडलेलं असतं आणि लोक ‘नेक्स्ट’ दाबून मोकळे होतात. मग बॅकअपमध्ये खरेदीदाराने विचारलेला भाव सापडतो, आपण दिलेला सापडत नाही, कारण ‘सेंट आयटम्स’ गेलंच नाही. फोल्डरांच्या झाडातली अगदी वरची ओळ, म्हणजे ज्यावर ई-मेल पत्ता लिहिलेला असतो ती, निवडायची आणि खालच्या ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर खूण आहे ना ते बघायचं.

दुसरी खोच त्याहून लपलेली आहे. ऑफिसचं एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ खातं असेल तर आऊटलूक सगळे मेल उतरवून ठेवतंच असं नाही, अनेकदा गेल्या १२ महिन्यांचेच ठेवतं. निर्यात होते ती उतरलेल्या मेलची. म्हणून आधी खात्याच्या सेटिंगमध्ये मेल किती काळाचे ऑफलाइन ठेवायचे याची पट्टी ‘ऑल’पर्यंत सरकवा, सगळे उतरू द्या (मेल भरपूर असतील तर रात्रभर), आणि सकाळी निर्यात करा. व्यापाऱ्यांना हे जास्त लागू आहे: जीएसटी कायद्यात हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायला सांगितलंय, आणि ऑर्डर, पावत्या, भावाची घासाघीस हल्ली मेलवरच चालते.

पीएसटी थेट कॉपी करायची असेल तर आऊटलूक पूर्ण बंद हवं. ते चालू असताना फाइल धरून ठेवतं, कॉपी नाकारली जाते. ‘सगळ्यांना दिसेल’ म्हणून पीएसटी नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवण्याची सवय काही ऑफिसांत आहे. तसं वापरायला मायक्रोसॉफ्टचाच नकार आहे. आऊटलूक फाइलच्या मध्येच छोटे छोटे बदल लिहीत असतं, आणि जोडणी क्षणभर तुटली की अर्धा बदल लिहिलेला राहतो. लाइट जाऊन कॉम्प्युटर धाडकन बंद पडला तरी हेच होतं. दुरुस्तीला आऊटलूकसोबत ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं साधन मिळतं, पण ते मूळ फाइलवर नाही, तिच्या प्रतीवर चालवायचं. जे वाचवता येत नाही ते हे साधन कापून टाकतं.

आकाराचंही एक गणित आहे. २००२पर्यंतच्या आऊटलूकची पीएसटी २ जीबीला अडायची, २००३ आणि २००७ मध्ये ती मर्यादा २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी आहे. पण ६ जीबीची फाइल पेन ड्राइव्हवर टाकायला गेलात आणि ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं, तर पेन ड्राइव्हवर जागा नाही असं समजू नका. बरेच पेन ड्राइव्ह फॅट-३२ रचनेत येतात आणि त्या रचनेत एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊच शकत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. तो रिकामा करून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला की काम होतं.

थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रामची गोष्ट सोपी आहे आणि बघायला जास्त मजेदार. ‘हेल्प’, ‘ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन’, ‘प्रोफाइल फोल्डर’, ‘ओपन फोल्डर’. जे उघडेल त्याच्या एक पायरी वर जाऊन, थंडरबर्ड बंद करून, ते अख्खं फोल्डर उचला. मेल, संपर्क, फिल्टर, खात्यांची सेटिंग्ज, सगळं त्यात येतं. आयमॅप खातं असेल तर आधी ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये मेल या कॉम्प्युटरवर ठेवण्याची खूण आहे ना ते बघा, नाहीतर नुसती शीर्षकं उचलली जातील. ‘टूल्स’मध्ये ‘एक्स्पोर्ट’चीही सोय आहे, पण ती २ जीबीपेक्षा लहान प्रोफाइलपुरतीच.

त्या फोल्डरमध्ये ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे कसलंही शेपूट नसलेली फाइल असते. ती नोटपॅडसारख्या प्रोग्राममध्ये उघडली (प्रतच उघडा) तर दिसतं की सगळी पत्रं एकाखाली एक, साध्या मजकुरात, वहीत लिहिल्यासारखी आहेत. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. नवं पत्र सुरू झालं हे प्रोग्रामला कळतं ते ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे मोकळी जागा आली की. मग पत्राच्या मजकुरातलीच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली तर? तिच्याआधी एक बाणासारखी खूण घालून ठेवतात, म्हणजे पत्राचे दोन तुकडे होत नाहीत.

याच वहीमुळे आणखी एक कोडं सुटतं. हजार मेल डिलीट केले, ट्रॅशही रिकामं केलं, तरी फाइल तेवढीच. थंडरबर्ड डिलीट करताना पान फाडत नाही, पानावर ‘रद्द’ असा शिक्का मारतं. पानं खरोखर निघतात ती ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर. त्यामुळे चुकून महत्त्वाचं काही गेलं असेल तर आधी थंडरबर्ड बंद करा, फाइलची प्रत काढा आणि कॉम्पॅक्टला हात लावू नका. पत्र बहुधा त्या फाइलमध्ये अजून पडलेलं असतं.

जोडलेल्या फायली या वहीत अगम्य अक्षरांच्या लांबच लांब पट्ट्या होऊन बसतात. मेल मुळात साध्या मजकुरासाठी बनला. सातबाऱ्याचा स्कॅन किंवा फोटो त्यातून पाठवायचा तर प्रत्येक ३ बाइटची ४ अक्षरं करून लिहावी लागतात. ९ एमबीचा स्कॅन वहीत १२ एमबीहून थोडा जास्त भरतो. बॅकअपसाठी जागा मोजताना हा वरचा एक तृतीयांश हिस्साही धरा. आणि एक सावधगिरी: या प्रोफाइलमध्ये साठवलेले पासवर्डही असतात. प्रायमरी पासवर्ड, म्हणजे त्या सगळ्यांवरचं मुख्य कुलूप, लावलेला नसेल तर ज्याच्या हाती तो पेन ड्राइव्ह, त्याच्या हाती तुमचं खातं.

आता संपर्क. मेल वाचतात आणि संपर्क बिघडतात, असं का होतं ते एका शब्दावर बघू. ‘नागपूर’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक चिन्हयादीत, ६ चिन्हांचा आहे: न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. ती चिन्हं फाइलमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १८. क्लासिक आऊटलूक संपर्क सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) काढतं तेव्हा यूटीएफ-८ वापरत नाही, विंडोजची जुनी संकेतप्रणाली वापरतं. तिच्यात देवनागरीला जागाच नाही. परिणामी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, आणि ती परत नाव होत नाही, कारण माहिती लिहितानाच गेलेली असते. याउलट थंडरबर्डच्या सीएसव्हीत अक्षरं शाबूत असतात, पण एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडलं की अनेकदा रोमन ‘ए’च्या डोक्यावर रेघ असलेली जंत्री दिसते. इथे घाबरायचं कारण नाही. फाइल बरोबर आहे, वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावलाय. फक्त ‘सेव्ह’ दाबू नका.

एक्सेल आणखी एक उपद्व्याप करतं. फोन नंबर त्याला आकडा वाटतो. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२, त्यातलं पुढचं शून्य आकड्याला निरर्थक, म्हणून ते गळतं आणि प्रत्येक लँडलाइन ७१२ने सुरू होते. ९१ लावलेले मोबाइल नंबर ९.१ गुणिले दहाचा अकरावा घात अशा रूपात दिसतात, आणि तसेच सीएसव्हीत जतन झाले की शेवटचे अंक कायमचे शून्य. फाइल बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये बघा, किंवा एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने, ६५००१ ही यूटीएफ-८ संकेतप्रणाली निवडून आणि फोनचा स्तंभ ‘टेक्स्ट’ ठरवून आणा.

आऊटलूकमधून आऊटलूकमध्ये जायचं असेल तर संपर्कही पीएसटीतच न्या. थंडरबर्डमधून काढायचे असतील तर ॲड्रेस बुकच्या निर्यातीत व्हीकार्ड ही संपर्कांची रचना निवडा, फोनलाही ते समजतं. ‘टू’च्या रकान्यात दोन अक्षरं टाकताच जी नावं सुचतात ती संपर्कांत असतीलच असं नाही. आऊटलूक ती वेगळी आठवून ठेवतं, थंडरबर्ड ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’मध्ये. ज्यांची गरज आहे त्यांना आधी रीतसर संपर्कांत टाका.

प्रत ठेवायची कुठे? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यावर पाणी शिरलं. कॉम्प्युटर आणि त्याच्याच टेबलाच्या खणात ठेवलेला बॅकअप अशा पाण्यात एकदमच जातात. निदान एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर हवी. उन्हाळ्याचाही विचार करा. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात धरतात, आणि उष्णतेने तो भार लवकर झिरपतो. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात, लिहिण्याची क्षमता संपत आलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत १ वर्ष माहिती धरावी इतकीच अपेक्षा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. गच्चीखालच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहील अशा प्रतीसाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बरी, आणि तीही वर्षातून एकदा लावून बघायची.

बघायची म्हणजे नुसती फाइलची यादी नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर आऊटलूकच्या ‘ओपन आऊटलूक डेटा फाइल’मधून प्रत उघडा, ‘सेंट आयटम्स’मधल्या मेलची संख्या मूळाशी ताडून बघा, पाच-सहा वर्षांपूर्वीचा एखादा जोडलेला स्कॅन प्रत्यक्ष उघडा. प्रत मूळासारखी उतरली का हे पाहायला सेव्हन-झिप या प्रोग्रामच्या राइट-क्लिक मेन्यूतून दोन्ही फायलींचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा अंगठ्यासारखा ठसा, काढता येतो. एक बिट जरी बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. (मेल कोर्टात दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रातही असा हॅश लिहावा लागतो.) संपर्कांच्या फाइलमध्ये ०७१२ शोधा, आणि मराठीत लिहिलेलं एखादं नाव. दोन्ही सापडली की मग बर्डीवाल्याला सी ड्राइव्ह फॉरमॅट करायला सांगा.