इंजिनातील हवा-सेन्सर

इंजिनात किती हवा शिरते ते मोजून त्या हिशेबाने इंधन सोडता यावे, यासाठी बसवलेली उपकरणे. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. अॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल वाढते असे वाटते, पण आधी वाढते ती हवा. ती मोजून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो.

‘मॅफ’ (मास एअर फ्लो) सेन्सरात हवेच्या वाटेवर तापवलेली प्लॅटिनमची बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. वाहती हवा तिला निववते. तिचे तापमान टिकवायला जितकी जास्त वीज लागेल तितकी हवा जास्त. ‘मॅप’ (मॅनिफोल्ड अॅब्सोल्यूट प्रेशर) सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला दाब मोजतो. हवेचे तापमान आणि इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) जमेस धरून हवेचे वजन गणिताने काढले जाते. बॉशची १९६७ सालची डी-जेट्रॉनिक ही इंजेक्शन यंत्रणा दाबावरच चालत असे. भारतातल्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅपच असतो. जांभ्याच्या रस्त्यांवर ते बरेच म्हणायचे, कारण लाल धूळ बसायला तारच नसते.

वेंगुर्ल्याहून सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीला पोचेपर्यंत हवेचा दाब साधारण आठ टक्क्यांनी उतरतो. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरला याचा पत्ता नसे. ठरलेल्या जेटमधून (बारीक भोकातून) पेट्रोल येतच राही आणि घाटात मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होई. सेन्सरची गाडी पेट्रोल आपोआप कमी करते. पिकअप मात्र पडतोच. हवाच कमी, तिथे सेन्सर तरी काय करणार?

पावसाळ्यात वेगळाच घोळ. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत आकारमानाने सुमारे चार टक्के वाफ असते आणि मॅफची तार तीही हवा म्हणूनच मोजते. ही चूक सायलेन्सरकडच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर पकडतो आणि ईसीयू पेट्रोल थोडे आवरते घेतो.

किनाऱ्यावर बिघाड शोधताना सेन्सरच्या आधी कनेक्टर पाहावा. खारट दमट हवेने पिनांवर हिरवट गंज चढतो आणि सेन्सर धड असूनही चेक लाइट लागते. मळलेली मॅफ तार हवा कमी दाखवते, मग गाडी धक्के खाते. ती खास स्प्रेनेच धुवावी, बोट किंवा फडके लावू नये. मॅफ आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाइप चिरला तर न मोजलेली हवा आत जाते आणि आयडलिंग वरखाली होते. सेन्सर साफ गेला तरी बहुतेक गाड्या बंद पडत नाहीत: ईसीयू थ्रॉटलचा (हवेच्या झडपेचा) कोन आणि आरपीएम पाहून अंदाजाने पेट्रोल देतो, एव्हरेज पडते, पण गॅरेज गाठता येते.