सर कसे शिकवतात, हे रेसिडेंटने कुणाला सांगायचं?

वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकांची हजेरी आणि शोधनिबंध मोजले जातात. पण रुग्णाच्या खाटेपाशी ते कसं शिकवतात, हे रोज पाहतात ते त्यांच्या हाताखालचे रेसिडेंटच, म्हणजे वॉर्डात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर. सर आपण निदानापर्यंत कसे पोचलो ते बोलून दाखवतात की नुसतं औषध लिहून पुढे जातात? उत्तर चुकलं तर रुग्णादेखत पाणउतारा करतात की कुठे चुकलं ते समजावतात? हे रेसिडेंटइतकं कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून त्यांचा अभिप्राय मोलाचा आहे, आणि तो खरा मिळवणं तितकंच अवघड आहे.

वर्षाअखेरीस एक छापील फॉर्म वाटला की काम झालं, असा समज आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात संशोधकांनी फॉर्मवरच्या व्याख्यात्यांच्या यादीत अस्तित्वातच नसलेलं एक नाव घुसवलं. उत्तर न देण्याची मुभा असूनही 66 टक्के विद्यार्थ्यांनी त्या काल्पनिक शिक्षकाला गुण दिले. पुढच्या वेळी यादीत छायाचित्रं लावली, तरी 49 टक्क्यांनी दिलेच. जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये 118 विद्यार्थ्यांचे 20 गट पाडून त्यातल्या निम्म्या गटांना वर्गात चॉकलेट बिस्किटं ठेवली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बिस्किटं मिळालेल्या गटांनी शिक्षकांना जास्त गुण दिलेच, पण अभ्याससाहित्यही त्यांना अधिक चांगलं वाटलं! हा विद्यार्थ्यांचा खोटेपणा नव्हे. ‘शिक्षक कसे वाटले?’ असं ढोबळ विचारलं की मन त्या वेळच्या मूडवरूनच उत्तर देतं.

म्हणून प्रश्न प्रत्यक्ष दिसलेल्या वागण्याबद्दल हवा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने वॉर्डातल्या शिक्षकांसाठी अशीच 14 विधानांची प्रश्नावली तयार केली. शिक्षक काम करून दाखवतो का, विद्यार्थ्याला करताना पाहून सुधारणा सांगतो का, त्याला स्वतःचा विचार बोलायला लावतो का, न घाबरता शिकता येतं का, असा तिचा रोख आहे. एका शिक्षकाविषयी भरवशाचं चित्र उभं राहायला त्यांना साधारण 7 ते 10 विद्यार्थ्यांची उत्तरं लागली.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे एका युनिटमध्ये, म्हणजे विभागातल्या एका तुकडीत, तिन्ही वर्षांचे मिळून कित्येकदा इतके रेसिडेंट नसतातच. मग सरासरी तर कच्ची राहतेच, शिवाय फॉर्मवर नाव नसलं तरी कुणी लिहिलंय ते सरांना दोन ओळींत कळतं. तेच सर थीसिसचे गाईड, रजा त्यांच्याच सहीने, आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या टेबलापलीकडे आपल्याच विभागातली माणसंही. अशा जागी ‘उत्तम’च्या चौकटीत खूण करणाऱ्या ज्युनिअरला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. त्याने हिशेब बरोबर केलेला असतो.

ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल दरवर्षी देशभरातल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना प्रश्न विचारतं. एखाद्या ठिकाणाहून तिघांपेक्षा कमी उत्तरं आली तर त्या जागेचा निकाल दाखवतच नाहीत. म्हणजे उत्तर देणाऱ्याचं संरक्षण पद्धतीतच बांधलेलं आहे, कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही. आपल्याकडे राज्यभरातली महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. अभिप्राय विभागात गोळा न करता तिथे गोळा व्हावेत, दोन-तीन बॅचची उत्तरं एकत्र करावीत आणि त्या बॅचचे निकाल लागल्यानंतरच ती शिक्षकाला द्यावीत, असं मला मनापासून वाटतं. छळाच्या तक्रारीला मात्र इतकं थांबता येत नाही. तिची वाट वेगळी आणि तातडीचीच हवी, ती या फॉर्ममध्ये दडपली जाऊ नये.

शिक्षकाच्या हाती नुसते गुण देऊनही फारसं साधत नाही. मास्ट्रिख्टमध्ये शिक्षकांनी तीच प्रश्नावली आधी स्वतःबद्दल भरली आणि मग विद्यार्थ्यांची उत्तरं शेजारी ठेवून पाहिली. ‘मी तर नेहमी समजावून सांगतो’ असं मानणाऱ्याला वॉर्डातून ‘क्वचितच’ असं उत्तर दिसतं, तेव्हा नेमकं काय बदलायचं ते त्याच्या हाती लागतं. आणि वर्षभर थांबायचीही गरज नाही. राऊंड संपल्यावर ‘आज कुठला मुद्दा माझ्याकडून नीट उलगडला नाही?’ असं सरांनीच विचारावं. पहिले काही दिवस सगळे गप्प राहतील. मग एखादी जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट, धीर करून म्हणेल, ‘सर, त्या ईसीजीचं परत एकदा सांगाल का?’ त्या क्षणी सर काय करतात, ते बाकीचे सगळे टक लावून पाहत असतात. उद्या तोंड उघडायचं की नाही, ते त्यावरच ठरतं.