‘क्षण’ नेमका केवढा? सूक्ष्म कालमापनाची पार्श्वभूमी

पुण्यातील मंगल कार्यालयांत आज लग्नाचा मुहूर्त तास-मिनिटांत सांगितला जातो आणि अंतरपाट कधी दूर करायचा हे मोबाइलवर पाहून ठरते. पूर्वी हे काम घटिकापात्र करीत असे. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातील पाण्यावर सोडली जाई. पाणी आत चढत जाऊन 24 मिनिटांनी ती बुडाली की एक घटका भरे, आणि ‘घटका भरली’ हा आता फार निराळ्या प्रसंगी वापरला जाणारा वाक्प्रचारही या पात्राचीच आठवण देतो. घटिकेचा साठावा भाग म्हणजे पळ, 24 सेकंदांचे, आणि पळाचा सहावा भाग म्हणजे प्राण, एका श्वासोच्छ्वासाचा, 4 सेकंदांचा. पाण्याशी आणि श्वासाशी जोडलेली ही मापे पुष्कळ स्थिर राहिली.

गुंता आहे तो ‘क्षण’ या शब्दाचा. आपण तो सहज वापरतो, पण जुन्या ग्रंथांत तो एकाच लांबीचा नाही. भागवतात तीन निमेषांचा (निमेष म्हणजे पापणी लवण्याचा वेळ) एक क्षण सांगितला असून तेथील कोष्टकाने तो सुमारे सव्वा सेकंदाचा भरतो. अमरकोश या संस्कृत शब्दकोशात बारा क्षणांचा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटांचे माप होते, म्हणजे तेथे क्षण 4 मिनिटांचा आहे. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या सिद्धांतशिरोमणी या ज्योतिषगणिताच्या ग्रंथात तर दोन घटिकांना क्षण म्हटले आहे आणि तो थेट 48 मिनिटांचा, पूर्ण मुहूर्ताएवढा होतो. ‘त्रुटी’ या अतिसूक्ष्म कालमापाचीही हीच गत आहे: भागवताच्या हिशेबाने एका सेकंदात सुमारे 2,100 त्रुटी बसतात, तर सिद्धांतशिरोमणीच्या हिशेबाने सुमारे 33,750. म्हणून एका ग्रंथातील नाव आणि दुसऱ्या ग्रंथातील आकडा एकत्र करून तयार केलेली जी कोष्टके आज फिरतात, ती सपशेल चुकीची आहेत.

त्याच कोष्टकांच्या आधारे, सेकंदाचा तेहेतीस हजारावा भाग आपले पूर्वज प्रत्यक्ष मोजत असत, असेही सांगितले जाते. ते मान्य करता येत नाही. घटिकापात्राने पळ ओळखणेही कठीण होते; त्रुटी हा गणिताने पाडलेला भाग होता, आणि इतका बारीक भाग कल्पून त्याची अहोरात्राशी चोख सांगड घालणे ही स्वतंत्र, मोठी बौद्धिक कामगिरी आहे. तिला उपकरणाचा दर्जा दिल्याने तिचा मान वाढत नाही.

सेकंद विश्वासाने मोजता येऊ लागला तो सतराव्या शतकाच्या मध्यावर, लंबकाच्या घड्याळामुळे. त्याआधी यांत्रिक घड्याळे दिवसाला पाव तासही चुकत. विसाव्या शतकात क्वार्ट्झचा स्फटिक आला. आपल्या साध्या मनगटी घड्याळातील स्फटिक सेकंदाला 32,768 कंपने करतो, म्हणजे त्याचे एक कंपन सिद्धांतशिरोमणीतील त्रुटीच्या जवळपास येते. पुढे 1967 मध्ये सेकंदाची पृथ्वीच्या गतीशी असलेली नाळ तोडण्यात आली आणि सिझियम-133 या अणूच्या विशिष्ट प्रारणाची 9,192,631,770 आवर्तने म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या झाली. पृथ्वी मात्र इतकी नियमित फिरत नाही. त्यामुळे 1972 पासून अधूनमधून घड्याळांत एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घालावा लागला. आतापर्यंत असे 27 सेकंद घातले गेले. शेवटचा घातला गेला तेव्हा पुण्यात 1 जानेवारी 2017 ची पहाट होती आणि 5 वाजून 29 मिनिटे 59 सेकंदांनंतर एक जादा सेकंद मोजला गेला. ही पद्धत 2035 पर्यंत थांबवण्याचे 2022 मध्ये ठरले आहे.

पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावाजवळील खोडदच्या परिसरात, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. स्वतःभोवती सेकंदाला शेकडो वेळा फिरणाऱ्या स्पंदक ताऱ्यांचे ठोके कधी पोहोचतात हे तिच्या नोंदींवरून मायक्रोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या, पातळीपर्यंत ठरवले जाते, आणि त्या कामाला सिद्धांतशिरोमणीतील त्रुटी, जी सुमारे 30 मायक्रोसेकंदांची आहे, फारच जाडी पडते.