बाजरी : वन्य व लागवडीच्या गवतांतील शरीरभेद

बाजरी (सेंक्रस अमेरिकॅनस, जुने नाव पेनिसेटम ग्लॉकम) हे पिकवलेले गवत असून तिचे वन्य पूर्वज आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, साहेलच्या कोरड्या पट्ट्यात आजही उगवतात. वन्य व लागवडीच्या बाजरीत गुणसूत्रांची संख्या एकच (१४) आहे आणि दोहोंचा संकर सहज होऊन त्यांची संतती फलक्षम असते. तरीही दोघींच्या कणसांत व बांध्यात इतका फरक आहे की, पूर्वीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना वेगवेगळ्या जाती मानले होते.

या भेदांतील सर्वांत निर्णायक भेद दाण्याच्या आकारात नसून कणसाच्या दांड्याशी असलेल्या सांध्यात आहे. बाजरीच्या कणसात लहान लहान कणिशके (फुले व पुढे दाणे धरणारे कणसाचे छोटे घटक) असतात व त्यांच्याभोवती राठ केसांचे वलय असते. वन्य बाजरीत या वलयाला देठ जवळजवळ नसतो आणि त्याच्या बुडाशी पेशींचा एक विलगन स्तर तयार होतो. त्यामुळे दाणा पिकताच वलय, कणिशक व दाणा मिळून एकत्र गळून पडतात. वाऱ्याने किंवा जनावरांच्या अंगाला चिकटून पसरण्यासाठी वन्य गवताला ही सोय आवश्यकच असते. लागवडीच्या बाजरीत मात्र वलयाला स्पष्ट देठ असतो, विलगन स्तर कार्य करीत नाही आणि कणीस वाळले तरी दाणे कापणीपर्यंत जागीच राहतात. अशी वनस्पती माणसाने पेरल्याशिवाय फारशी पसरू शकत नाही, म्हणूनच हा गुण लागवडीची खरी खूण मानला जातो.

वन्य बाजरीच्या प्रत्येक वलयात बहुधा एकच कणिशक असते, तर पिकात दोन व कधी त्याहून अधिक असतात. वन्य दाणा बारीक, निमुळता व तुसांनी पूर्ण झाकलेला असतो. पिकातील दाणा फुगीर असून तुसांबाहेर डोकावतो, त्यामुळे मळणीत तो सहज सुटा होतो. पिकवलेल्या बाजरीच्या हजार दाण्यांचे वजन बहुधा ८ ते १२ ग्रॅम भरते. वन्य दाणा त्याहून कित्येक पटींनी हलका असतो. पिकातील राठ केस सामान्यतः दाण्याहून आखूड असतात, पण काही वाणांत ते लांब राहिले आहेत आणि त्यांचा पाखरांना अटकाव होतो. राखणीचे कष्ट ज्याने केले आहेत, त्याला या केसांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वन्य बियांतील सुप्तावस्थाही पिकात बव्हंशी नाहीशी झाली आहे, म्हणून पेरलेले बी एकाच वेळी उगवते.

बांध्यातही तसाच पालट दिसतो. वन्य झाडाला पुष्कळ फुटवे व बगलफांद्या येतात. प्रत्येकीला बोटभर, सडपातळ कणीस लागते आणि ती मागेपुढे पिकतात. पिकात फुटवे कमी, खोड जाड आणि कणसे मोजकी पण भरदार असतात. पश्चिम आफ्रिकेतील काही स्थानिक वाणांची कणसे एक मीटरहून अधिक लांब भरतात.

बाजरीत स्त्रीकेसर आधी व पुंकेसर नंतर बाहेर पडत असल्याने परपरागीभवन मोठ्या प्रमाणावर होते, आणि साहेलमध्ये वन्य गवत व पीक शेजारी असले की संकर चालूच राहतो. त्यातून उपजणाऱ्या मधल्या रूपाला तेथे ‘शिब्रा’ म्हणतात. शिब्राचे झाड निसवेपर्यंत पिकासारखेच दिसते, त्यामुळे खुरपणीत ते सुटते. पुढे मात्र त्याचे दाणे झडून जातात. एवढी सरमिसळ होऊनही दोन्ही रूपे वेगळी टिकतात, याचे एक कारण असे की लागवडीच्या गुणांची बरीच जनुके दोन गुणसूत्रांवर एकवटलेली आहेत व ती बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात.

इतर भरडधान्यांत हाच बदल थोड्याफार फरकाने आढळतो. उत्तर चीनमध्ये लागवडीखाली आलेल्या राळ्याचा वन्य पूर्वज, सेटारिया व्हिरिडिस, अनेक फुटव्यांचा व लहान कणसांचा आहे. राळ्याला मोजकी, जड, झुकलेली कणसे येतात. पूर्व आफ्रिकेतील वन्य नाचणीची बोटे बारीक व दाणे लांबट असतात, तर पिकवलेल्या नाचणीची बोटे जाड व दाणे गोल असतात. कोकणातल्या हरकात (कोद्रूत) हा बदल अपुरा राहिला आहे: त्याची वन्य, तणरूप व पिकवलेली रूपे एकमेकांत मिसळलेली असून पिकातही दाणे काही प्रमाणात झडतात.

हे भेद पुरातत्त्वात फार उपयोगी पडतात. उत्तर मालीतील तिलेमसी खोऱ्यात कुंभारांनी मातीत बाजरीचा भुसा मिसळून भांडी घडवली होती. भाजताना भुसा जळाला, पण त्याचे ठसे राहिले. त्यांत देठ असलेली वलये व जोडीने आलेली कणिशके ओळखता आल्याने इ. स. पू. सुमारे २५०० मध्ये तेथे लागवडीची बाजरी होती, हे सिद्ध झाले. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात बाजरी भारतात पोचली तेव्हा दाणे न झडण्याचा गुण तिच्यात आलेला होता. दाण्याचे आकारमान मात्र पुढेही दीर्घकाळ सावकाश वाढत राहिले.