मॉनिटरची पत्रिका

इंदूरच्या जेल रोडवर एचडीएमआय केबल, म्हणजे संगणकाचं चित्र मॉनिटरवर नेणारी तार, मागितली की काउंटरवर हमखास दोन येतात. एक साधी, दुसरी सोन्याचा मुलामा दिलेली आणि चांगलीच महाग. "इसमें कलर अच्छा आता है, भिया." आपली मंडळी ती घेऊन येतात आणि फरक दिसतो म्हणून शपथेवर सांगतात. सोनं गंजत नाही, त्यामुळे टोकांचा स्पर्श वर्षानुवर्षं चांगला राहतो. त्याचा गुण एवढाच. केबलमधून रंग वाहत नाहीत, शून्य आणि एक वाहतात. ते धड पोचले तर चित्र जसंच्या तसं, नाही तर ठिपके, लुकलुक किंवा काळा पडदा. लाल जरा जास्त लाल, हा प्रकारच नाही.

चित्र बिघडतं ते पुष्कळदा भलत्याच कारणाने. मॉनिटर 1920 बाय 1080 चा, पण अक्षरं धूसर आणि वर्तुळं आडवी फुगलेली. अशा वेळी संगणकाची आणि मॉनिटरची नीट ओळखच झालेली नसते.

एचडीएमआयच्या प्लगमध्ये 19 पिना असतात. चित्र नेणाऱ्या पिना बऱ्याच आहेत, पण खरी गंमत शेवटच्या काहींमध्ये आहे. 18 व्या पिनेवर संगणक 5 व्होल्ट देतो. तेवढ्यावर मॉनिटरमधली एक चिमुकली मेमरी चालते, म्हणून बटणाने बंद केलेला मॉनिटरही अनेकदा संगणकाला ओळखू येतो. 19 व्या पिनेवर मॉनिटर आपली हजेरी लावतो. मग संगणक 15 आणि 16 या पिनांवरून ती मेमरी वाचतो: एक तार ठोका देते, दुसरीवरून दर ठोक्याला एक बिट येतो. ही पद्धत फिलिप्सने 1980 च्या दशकात काढली, तीही टीव्हीच्या आतल्या चिप्सनी एकमेकींशी बोलावं म्हणून.

हाती येतो 128 बाइट्सचा ठोकळा, ईडीआयडी, म्हणजे मॉनिटरने स्वतःची करून दिलेली ओळख. ही मॉनिटरची जन्मपत्रिकाच. सुरुवात ठरलेली: 00, मग सहा वेळा एफएफ, पुन्हा 00 (हे आकडे सोळाच्या पद्धतीतले, तिथे 9 नंतर ए ते एफ येतात). पुढच्या दोन बाइट्समध्ये कंपनीची तीन अक्षरं, प्रत्येकाला पाच बिट. 10 एसी दिसलं तर डेल, 4सी 2डी दिसलं तर सॅमसंग. जन्मवर्ष 1990 वजा करून लिहितात, म्हणजे 2023 चा मॉनिटर 33 सांगतो. पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये.

आणि मग 18 बाइट्सचं सगळ्यात महत्त्वाचं कलम: चित्र कोणत्या वेगाने पाठवायचं. नेहमीच्या 1080 च्या मॉनिटरवर तिथे 14850 हा आकडा सापडतो, एकक 10 किलोहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला 14 कोटी 85 लाख ठिपके. पण 1920 गुणिले 1080 गुणिले सेकंदाची 60 चित्रं केलं तर साडेबारा कोटीही होत नाहीत! उरलेले गेले कुठे? हिशेब न दिसणारी रिकामी जागा धरून 2200 गुणिले 1125 चा असतो. जुन्या काचेच्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत ओळ संपवून परत यायला वेळ घ्यायचा. ट्यूब गेली, तो रिकामा वेळ राहिला. एचडीएमआयने त्याच फटीत आवाज बसवला.

शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की सगळ्या 128 ची बेरीज 256 ने निःशेष भागली जावी. भाग गेला नाही तर वाचनात चूक. माणसांच्या पत्रिकेत अशी पडताळणीची सोय नाही, तरी तिच्यावर लग्नं मोडतात.

जुन्या व्हीजीए केबलमध्ये किंवा स्वस्त अडॅप्टरमध्ये पत्रिकेच्या तारा कधीकधी जोडलेल्याच नसतात. मग संगणक धोका न पत्करता 1024 बाय 768 वर थांबतो, आणि दोष मॉनिटरला मिळतो.

टॅबलेटचं दुखणं निराळं. यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे चित्र येईलच असं नाही. आत डिस्प्लेपोर्टची, म्हणजे त्या भोकातून चित्र बाहेर पाठवायची, सोय हवी. अनेक स्वस्त टॅबलेटमध्ये ती नसते. चार्जरसोबत आलेल्या केबलमध्येही बहुधा वेगवान तारा नसतात, तिने चार्जिंग होतं, चित्र जात नाही.

पत्रिका असली की संगणकाला मॉनिटर समोर आहे का याची फिकीर नसते. बाजारात अंगठ्याएवढे डमी प्लग मिळतात. आत तीच मेमरी चिप आणि एखाद-दोन किरकोळ भाग. ते खोचले की संगणक नसलेल्या पडद्यासाठी सेकंदाला 60 चित्रं रंगवत बसतो. दुरून चालवायच्या, मॉनिटर न जोडलेल्या संगणकांना ते मुद्दाम लावतात.