बॅटरी पुरत नाही की बॅटरी थकली? बॅकअप आणि हेल्थ या दोन वेगळ्या गोष्टी

‘सकाळी शंभर टक्के करून निघतो आणि संध्याकाळी सहाला फोन बंद. बॅटरी गेली बहुतेक.’ अशी तक्रार ऐकली की समोरचा लगेच औषध सांगतो. डार्क मोड लाव, रात्रभर चार्जिंगला ठेवू नकोस, ऐंशीच्या वर चार्ज करू नकोस, सगळी अ‍ॅप्स बंद करत जा. यातला एक उपाय आजची संध्याकाळ वाचवतो, दुसरा दोन वर्षांनंतरची, तिसरा आजची बिघडवून दोन वर्षांनंतरची वाचवतो आणि चौथ्याने काहीच होत नाही. सांगणारा मात्र चारही एकाच दमात सांगतो, कारण बॅकअप आणि बॅटरी हेल्थ या त्याच्या लेखी एकच आहेत.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण घ्या. पाणी दुपारीच संपत असेल तर कारणं दोन असू शकतात. कुणाचा तरी नळ वाहतोय किंवा वर्षानुवर्षांच्या गाळाने टाकीत पाणीच कमी मावतंय. नळ दुरुस्त करून गाळ निघत नाही आणि गाळ काढून नळ थांबत नाही. एका चार्जिंगवर फोन किती वेळ चालतो तो बॅकअप. बॅटरी नवी असताना जेवढी ऊर्जा साठवायची त्याच्या किती टक्के आज साठवते, ती हेल्थ.

आकड्यांत बघू. बॅटरीची क्षमता एमएएचमध्ये मोजतात. ५००० एमएएचची बॅटरी नवी असताना सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, म्हणजे पंधरा तास चालते असं धरा. हेल्थ ८० टक्क्यांवर आली की तीच ४००० एमएएचची होते आणि त्याच वापरात बारा तास पुरते. फोन सातला बंद. पण नव्याकोऱ्या फोनमध्येही एखादं अ‍ॅप मागे धुमाकूळ घालत असेल तर तो सातलाच बंद पडेल. बाहेरून दोन्ही फोन सारखेच दिसतात, म्हणून तर घोटाळा होतो. स्क्रीनवर दोघेही सकाळी शंभर टक्केच दाखवतात, कारण तो आकडा आजच्या क्षमतेचा असतो, मूळ क्षमतेचा नव्हे.

थंडीत एक, उन्हात उलट

फरक समजून घ्यायला हवामानाइतकं चांगलं उदाहरण नाही. हिवाळ्यात लेह-लडाखला गेलेल्यांना अनुभव असतो: फोटो काढता काढता तीस-पस्तीस टक्के असलेला फोन अचानक बंद. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक हालचाल मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेऱ्यासारख्या कामाला एकदम करंट लागला की व्होल्टेज कोसळतं. फोनला वाटतं बॅटरी संपली. जॅकेटच्या आतल्या खिशात थोडा वेळ ठेवला की तो पुन्हा सुरू होतो आणि टक्केही बरेच परत येतात. बॅकअप गेला, हेल्थला धक्का नाही. एक अपवाद आहे. शून्याखालच्या तापमानात बॅटरी चार्ज केली तर आतलं लिथियम इलेक्ट्रोडच्या, म्हणजे बॅटरीतल्या विद्युत टोकाच्या, आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचू लागतं आणि ते नुकसान कायमचं असतं. म्हणून फोन आधी ऊबेला आणायचा, मग पॉवर बँक लावायची.

आता चंद्रपूर-नागपूरचा मे महिना घ्या. गाडीच्या हँडलला लावलेला फोन, नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण, वरून ऊन आणि खालून चार्जर. उष्णतेने बॅटरीचा अंतर्गत रोध कमीच होतो, त्यामुळे बॅटरी म्हणून ती त्या दिवशी कुरकुरत नाही, आणि चार्जर लावलेला असल्याने टक्केही ठीक दिसतात. पण आत मात्र झीज वेगात चालू असते. ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर एसईआय नावाचा एक पातळ थर असतो. तो जाड होत जातो तसं वापरायोग्य लिथियम त्यात अडकून बसतं आणि पुन्हा कामाला येत नाही. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी या दोन गोष्टी हा थर वाढवतात. अ‍ॅपल तर स्पष्ट सांगते की भोवतालचं तापमान ३५ अंशांच्या वर असताना वापर झाला तर क्षमता कायमची घटू शकते. आपल्याकडे ३५ अंश म्हणजे उन्हाळ्यातली सकाळची साडेदहाची वेळ!

थोडक्यात, थंडी भीती दाखवते पण सहसा बिघडवत नाही, आणि ऊन काही न दाखवता बिघडवतं. गाडीवर फोन लावून दिवसभर काम करणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांच्या आणि टॅक्सीचालकांच्या बॅटऱ्या लवकर थकल्या तर त्यात नवल नाही. त्यांनी ‘अमुक कंपनीची बॅटरीच खराब’ म्हणण्याआधी माउंट, म्हणजे फोन अडकवायचा स्टँड, एसीच्या झोताजवळ हलवून बघावा. दुचाकीवर तो पर्याय नाही. तिथे निदान उन्हात नकाशा आणि चार्जिंग एकाच वेळी टाळता आलं तर टाळावं.

बॅकअप कोण खातं

स्क्रीन, नेटवर्क आणि प्रोसेसर. बाकी सगळं किरकोळ.

स्क्रीनबाबत डार्क मोडचं फार कौतुक होतं. तो फक्त ओएलईडी किंवा अ‍ॅमोलेड स्क्रीनवर उपयोगी आहे, कारण तिथे काळा पिक्सेल म्हणजे जवळपास बंद पिक्सेल. एलसीडीत मागचा दिवा जळतच असतो, रंग कुठलाही असो. आणि ओएलईडीवरही फायदा ब्राइटनेसवर ठरतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मोजलं तेव्हा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वाचले, आणि पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात बसून डार्क मोड लावला की डोळ्यांना बरं वाटेल, बॅटरीला फारसं काही कळणार नाही. ब्राइटनेस उतरवणं आणि रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते तो आकडा, १२० वरून ६० हर्ट्झवर आणणं हे जास्त कामाचं.

नेटवर्ककडे मात्र कुणी बघतच नाही. टॉवर लांब असेल तर फोन जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो आणि रेंज गेली की शोधत राहतो. कोकण रेल्वेने मडगावला जाताना बोगद्यामागून बोगदे लागतात, घाटात रेंज येते-जाते, आणि फोन खिशात पडून असतानाही बॅटरी उतरते. अशा टप्प्यात सरळ एअरप्लेन मोड लावावा, गाणी आधीच डाउनलोड करून ठेवावीत. जिथे ५जीची एकच काडी दिसते आणि ४जी भरपूर आहे तिथे सेटिंगमध्ये ४जी निवडलं की फरक पडतो. गावाकडे गेलं की बॅटरी टिकत नाही ही तक्रार बहुतेक वेळा याच जातीची असते.

रिसेंटमधली अ‍ॅप्स एकेक करून उडवायची सवय अनेकांना असते. ती सोडावी. तिथे दिसणारी बहुतेक अ‍ॅप्स मेमरीत गोठलेली असतात, ती बॅटरी खात नाहीत. उडवलेलं अ‍ॅप पुन्हा उघडताना मात्र पहिल्यापासून लोड होतं आणि तेव्हा ते बॅटरी खातं. २०१६ मध्ये अ‍ॅपलचे क्रेग फेडेरिगी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर, दोघांनीही या खटाटोपाने बॅटरी वाचत नाही असं सांगितलं होतं. अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आणि अँड्रॉइड ९ मध्ये अडॅप्टिव्ह बॅटरी या सोयी आल्यापासून मागे चालणाऱ्यांना आवरायचं काम फोन स्वतःच करतो. ‘बॅटरी सेव्हर’ नावाची वेगळी अ‍ॅप्स घेणं तर त्याहून व्यर्थ, तीच मागे चालू राहतात.

हेल्थ कशाने उतरते

वापराने आणि वयाने. वापर मोजतात सायकलमध्ये. एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के खर्च: आज पन्नास आणि उद्या पन्नास वापरले तर दोन दिवसांत मिळून एक सायकल. चार्जर किती वेळा लावला याला महत्त्व नाही. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा हिशेबाने बनवलेल्या, आयफोन १५ पासून तो आकडा १००० झाला. युरोपीय महासंघाने २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनसाठी किमान ८०० सायकलची अट घातली आहे. रोज एक सायकल धरली तर ८०० म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास.

इथेच या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना भेटतात. बॅकअप वाचवला, रोज शंभरऐवजी साठ टक्केच खर्च झाले, तर त्याच ८०० सायकल साडेतीन वर्षं जातात. उलट दिशेने मात्र हे खरं नाही. हेल्थसाठी केलेली काळजी आजचा बॅकअप वाढवत नाही, कधीकधी खाते.

‘पूर्ण उतरू दे, मगच चार्ज कर’ हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्यांना अर्धवट चार्जिंगची खोड लागायची. लिथियम-आयनला, जी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, ती खोड नाही. तिला उलट शून्यापर्यंत नेणं आणि शंभरवर तासन् तास ठेवणं, ही दोन टोकंच जड जातात. क्वचित कधी पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने टक्केवारी दाखवणारं गणित जरा जागेवर येतं, एवढाच त्याचा उपयोग.

रात्रभराच्या चार्जिंगने बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होत नाही. भरली की फोनच चार्जिंग थांबवतो. काळजी करायची ती शंभरवर तासन् तास राहण्याची, आणि त्याहून उशीखाली तापत पडलेल्या फोनची. फास्ट चार्जिंगचंही तसंच. पहिल्या टप्प्यात वेगाने आणि भरत आली की हळू, हे फोन स्वतः सांभाळतो. पण फास्ट चार्जर लावून त्यावरच गेम खेळत बसलात तर दोन्हीकडची उष्णता बॅटरी सोसते.

ऐंशीची मर्यादा लावावी का?

आयफोन १५ पासून पुढे, पिक्सेलमध्ये आणि सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. हेल्थसाठी ती चांगलीच आहे, वादच नाही. पण जरा विचार करा: दोन वर्षांनी बॅटरी ऐंशी टक्क्यांवर येईल या भीतीने पहिल्या दिवसापासून ऐंशी टक्क्यांवर जगायचं?

उत्तर फोन किती वर्षं ठेवणार यावर आहे. दर दोन वर्षांनी एक्स्चेंजमध्ये देणाऱ्याने या भानगडीत पडू नये. त्याच्या काळजीचा फायदा पुढचा मालक घेईल. फोन चार-पाच वर्षं वापरायचा असेल, नंतर आईला किंवा मुलाला द्यायचा असेल, आणि दिवसभर ऑफिसात टेबलाशी चार्जर असेल, तर मर्यादा जरूर लावा. प्रवासाच्या दिवशी काढा. लोकल, बस, साइटवरची कामं असा दिवस असेल आणि ऐंशी टक्के पुरत नसतील, तर शंभर करा आणि निर्धास्त निघा. बॅटरी फोनसाठी असते.

दुखणं कुठलं, हे कसं ओळखायचं

गेल्या आठवड्यापर्यंत ठीक होतं आणि अचानक बॅटरी पडू लागली, तर तो बॅकअपचा प्रश्न. नवं अ‍ॅप, नुकतंच आलेलं अपडेट किंवा बदललेली जागा शोधा. मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतली आवराआवर करतो, तेवढं थांबा. सेटिंगमधल्या बॅटरी विभागात कुठल्या अ‍ॅपने किती खाल्लं ते दिसतं. वर्षा-दोन वर्षांत हळूहळू कमी होत गेलं असेल, तर हेल्थ. वीस-पंचवीस टक्क्यांवर फोन गपकन बंद होत असेल आणि बाहेर थंडी नसेल, तर जवळपास नक्कीच हेल्थ. थकलेली बॅटरी अचानक मागितलेला करंट देऊ शकत नाही.

यावरूनच मोठा गदारोळ झाला होता. जुने आयफोन असे बंद पडू नयेत म्हणून अ‍ॅपलने त्यांचा वेग गुपचूप कमी केला आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते कबूल केलं. मग अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि २०१८ च्या मार्चमध्ये आयओएस ११.३ सोबत बॅटरी हेल्थचा आकडा सेटिंगमध्ये दिला. लोकांना फोन जुना झाला, हळू झाला असं वाटत होतं. प्रत्यक्षात नवी बॅटरी टाकली की तो पुन्हा पूर्ववत पळायचा.

म्हणून दुखणं हेल्थचं ठरलं तर सेटिंगांशी झगडत बसू नका, बॅटरी बदला. नव्या फोनच्या किमतीपुढे तो खर्च बहुधा किरकोळ असतो. मात्र गल्लीतल्या दुकानात ‘ओरिजिनलसारखी’ मिळाली तर सावध राहा. वर छापलेला एमएएच आतल्या सेलला माहीत असतोच असं नाही. आणि फोनची पाठ उचलली जात असेल, स्क्रीन कडेने सुटत असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग बॅकअप आणि हेल्थ दोन्ही विसरा. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका, आणि सर्व्हिस सेंटरला न्या. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच गेली पाहिजे.